सगळ्यांच्या मागून

अमरावतीच्या मिशन कंपाउंडातून माणसे रांगेने कुठेही निघाली, की मास्तर रांगेच्या शेवटी असत. शाळेची मुले वडाळीच्या तलावाकडे सहलीला निघोत, नाताळात गाणी गात घरोघर फिरणारी मंडळी असो किंवा कोणाची प्रेतयात्रा असो, त्यांची जागा ठरलेली होती. पुढे चला म्हटले तर ऐकत नसत. नवे पाळकसाहेब नगरकडून आले तेव्हा त्यांना हे ठाऊक नव्हते. एका प्रेतयात्रेत त्यांनी मास्तरांचा हात धरून त्यांना आपल्या बरोबरीने चालवले. मास्तर थोडे अंतर चालले, मग वहाणेचा अंगठा तुटल्याचे सांगून खाली बसले आणि सगळी माणसे पुढे गेल्यावर उठले. वहाण धड होती.

मागून चालताना ते मधूनच मोठ्याने विचारत, "मांगं कोनी राह्यलं का?" मागे त्यांच्याखेरीज कोणी असणे शक्य नव्हते. पोरांपैकी एखादे ओरडे, "मास्तर राह्यले!" बाकीची हसत. मास्तर हसत नसत, रागावतही नसत. वळून रिकाम्या रस्त्याकडे नीट पाहत आणि मग चालू लागत.

ते मिशनच्या शाळेत खालच्या वर्गांना शिकवत. उंच, मानेपासून थोडे वाकलेले, गळाबंद कोट, धोतर आणि काळी टोपी. लग्न केले नव्हते. शाळेमागच्या खोलीत एकटे राहत. बाहेर पडताना खांद्याला एक पिशवी असे. तिच्यात फडक्यात बांधलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. ही भाकर त्यांनी स्वतः खाल्लेली कोणी पाहिली नाही. रस्त्याच्या कडेला जो कोणी बसलेला दिसे त्याच्यापुढे ते ती धरत. तो भुकेला आहे की नाही, हे पाहत नसत. एकदा काळ्या जमिनीचा एक मोठा शेतकरी आपल्या बैलांच्या दमणीची वाट पाहत कडुलिंबाखाली बसला होता. मास्तरांनी त्याच्यापुढे भाकर धरली. जरीकाठी उपरणे घेतलेला तो गृहस्थ भडकला. "मी काय तुले भिकारी दिसून राहिलो का बे?" मास्तर म्हणाले, "नाई जी. बसून होते म्हनून इचारलं." त्या दिवशी आम्ही विद्यार्थी त्यांच्याबरोबर होतो आणि आम्हाला मान वर करवत नव्हती. गावातली हिंदू मुले नंतर बरेच दिवस आम्हाला, 'तुमचा भाकरवाला मास्तर' म्हणून चिडवत.

कंपाउंडातल्या बायकांचा राग वेगळ्या गोष्टीवर होता. आपल्याकडे घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणतात. ख्रिस्ती झालेल्या घरांतही हे सुटले नव्हते. मास्तर मात्र 'जातो' म्हणत. बाळंतिणीच्या घरातून निघताना, आजाऱ्याच्या खाटेपासून उठताना, कुठेही. एका म्हातारीने त्यांना उंबऱ्यात अडवले आणि 'येतो म्हना, मंग सोडते,' असा हट्ट धरला. मास्तर उंबऱ्यात उभे राहिले. म्हातारी दाराला हात लावून उभी राहिली. तिचा भात करपायला लागला तेव्हा तीच चुलीकडे पळाली. मास्तर म्हणाले, "जातो, मावशी."

यामागची गोष्ट कंपाउंडात सर्वांना माहीत होती आणि चारचौघांत कोणी काढत नसे.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले त्याच्या थोडे आधी मोठा दुष्काळ पडला होता. मास्तर तेव्हा शाळकरी वयाचे असतील. आईबाप गेल्यावर ते धाकट्या बहिणीला घेऊन चांदूर बाजारकडून अमरावतीच्या रस्त्याला लागले. अमरावतीला मिशनचे साहेब कांजी देतात, असे कोणीतरी सांगितले होते. गाव जवळ आले तेव्हा बहिणीचे पाय चालेनासे झाले. तिला उचलण्याइतकी ताकद यांच्यात नव्हती. त्यांनी तिला एका लिंबाखाली बसवले आणि सांगितले, "इथंच बस. खायाले घेऊन येतो." ते कांजीच्या रांगेत उभे राहिले. मिळाली ती प्यायले. मग पुन्हा रांगेत उभे राहिले, पुन्हा प्यायले आणि तिथेच भिंतीला टेकून झोपले. सकाळी एका डब्यात कांजी घेऊन ते परत गेले. लिंब होता. बहीण नव्हती.

मिशनच्या लोकांनी त्यांना ठेवून घेतले, शिकवले, बाप्तिस्मा दिला. सर्वांनी त्यांना हेच सांगितले, की तू लहान होतास, तुझा दोष नाही. त्यांनी ते मानले नाही. माझी आई मिशनच्या दवाखान्यात दाई होती. तिच्याशी ते कधीतरी बोलत. तिला ते म्हणाले होते, "पहिल्यांदा पेलो ते भुकेनं. मान्य. दुसऱ्यांदा रांगेत उभा राह्यलो ते काहून?"

त्या कंपाउंडात दुष्काळातून आलेली अनेक माणसे होती. पुनरुत्थानाची आशा हा त्यांच्या रोजच्या बोलण्यातला शब्द होता. कोणाचे मूल गेले की शेजारीण सांगे, रडू नको, त्या दिवशी भेटशील. म्हातारी माणसे आपल्या आईबापांना पुन्हा पाहण्याच्या गोष्टी करत. गाण्यांतून नदीपलीकडचा किनारा आणि सोन्याचे नगर येई. प्रेत पुरल्यावर माणसे डोळे पुसत आणि थोडी हलकी होऊन घरी परतत. मास्तरांचा याच गोष्टीवर सर्वांत पक्का विश्वास होता आणि ते कधी हलके होऊन परतत नसत.

नदी आणि नगर त्यांच्या बोलण्यात येत नसे. त्यांचा हिशेब सरळ होता. मेलेले उठणार असतील तर ज्याचे आपण वाईट केले तोही उठणार, आपणही उठणार, आणि मग त्याच्यासमोर उभे राहावे लागणार. एवढेच ते दोन शब्दांत सांगत: "भेटा लागन." वर्गात कोणी दुसऱ्याची पाटीवरची पेन्सील चोरली तर ते छडी उचलत नसत. चोराला उठवून ज्याची चोरली त्याच्यापुढे उभे करत. "पाह्य याच्याकडे. आज पेन्सील देशील नाई तं नको देऊ. पन याले भेटा लागन." छडी परवडली, असे आम्हाला वाटे. दूधवाल्याने दुधात पाणी घातले तरी हेच. तो हिंदू माळी होता, गाजरे, मेथी आणि दूध एकाच डोक्यावर घेऊन येई. तो म्हणे, "मास्तर, आमच्यात असं भेटनं नसते." मास्तर म्हणत, "तुमच्यात नसन. मी तं येईनच ना तुले भेटाले." त्यांचे नाव मुलांत 'भेटालागन' असेच पडले होते.

एका ईस्टरला आधीच्या पाळकांनी त्यांना उपासनेत साक्ष द्यायला उभे केले. पुनरुत्थानाने तुमच्या जीवनात काय केले ते मंडळीला सांगा, म्हणाले. मास्तर दाराजवळच्या आपल्या जागेवरून उठले. टोपी हातात घेतली. "समद्याइले भेटा लागन," म्हणाले आणि बसले. पाळकांनी गाणे सुरू केले. आईने पदर तोंडाला लावला होता. आमच्या बाकावर प्रत्येक जण दुसरीकडे पाहत होता.

हसण्यासारखा एकच प्रसंग मला आठवतो. कंपाउंडात दोन सख्खे भाऊ समोरासमोर राहत आणि एका शेवग्याच्या झाडावरून कित्येक वर्षे बोलत नव्हते. आमच्या कबरस्तानात घराण्याच्या जागा लागून असत आणि या दोघांच्या जागा शेजारी शेजारी ठरलेल्या होत्या. मास्तर एका संध्याकाळी दोघांच्या दारांच्या मधोमध रस्त्यात उभे राहिले आणि दोघांना ऐकू जाईल असे म्हणाले, "त्या दिवशी तुमी दोघं लागूनच उठसान. माती झटकसान. मंग पह्यले कोन बोलन, ते आताच ठरवून घ्या. तिथं गर्दी राहीन." थोरला खाटेवर बसून विडी ओढत होता. त्याला ठसका लागला. धाकटा आतून म्हणाला, "त्याले पानी द्या कोनीतरी." झाडाची वाटणी पुढच्या आठवड्यात झाली.

आता कबरस्तानाचे सांगितले पाहिजे.

गावाबाहेर भिंतीने वेढलेला तो लहान तुकडा होता. ख्रिस्ती रीतीप्रमाणे सर्वांची डोकी पश्चिमेला आणि पाय पूर्वेला. शेवटच्या दिवशी माणूस उठून बसेल तेव्हा त्याचे तोंड उगवतीकडे असावे, म्हणून. ईस्टरच्या आदल्या शनिवारी घरोघरची माणसे आपापल्या कबरींना चुना देत आणि रविवारी उजाडण्याआधी तिथे गाणी म्हणायला जमत. ज्यांचे कोणी नव्हते त्या कबरींना मास्तर चुना देत. सर्वांत शेवटी ते एका कोपऱ्यातल्या लहानशा उंचवट्याला चुना लावत. त्याखाली कोणी नव्हते. ती जागा त्यांनी तरुणपणी आपल्या बहिणीसाठी मागून घेतली होती. तेव्हाच्या साहेबाने दिली, कारण तेव्हा जागा पुष्कळ होती. उंचवटा मास्तरांनी स्वतः रचला होता, लिंबाखाली बसवलेल्या मुलीच्या मापाचा. काहींच्या मते त्यात तिची बांगडी पुरली होती. काही म्हणत, हाडे सापडली असतील, सांगत नसेल.

पुढे कबरस्तान भरत आले. मी तेव्हा अकोल्याच्या एका साप्ताहिकात नोकरीला होतो आणि ईस्टरसाठी घरी आलो होतो. माझे वडील चर्चच्या पंचांत होते. शनिवारी दुपारी पंच आमच्या व्हरांड्यात बसले. रिकामा उंचवटा सपाट करून जागा मोकळी करावी, हा विषय होता. मास्तरांना बोलावले होते. ते वर आले नाहीत, पायरीशी उभे राहिले. पंचांनी समजुतीच्या सुरात सांगितले, की जिथे कोणी नाही ती जागा किती दिवस अडवायची.  मास्तरांपाशी ती जागा सोडली तर बहिणीचे म्हणावे असे काही नव्हते. सर्वांना हे माहीत होते आणि म्हणूनच कोणी घाई करत नव्हते.

तेवढ्यात आई दवाखान्यातून आली. बडनेरा स्टेशनवर पोलिसांना एक मुलगी एकटी सापडली होती, चार-पाच वर्षांची. तापाने फणफणलेली होती म्हणून तिला मिशनच्या दवाखान्यात आणले. तिने आपले नाव सांगितले नाही. त्या सकाळी ती गेली होती. बेवारशी म्हणून म्युनिसिपालटीची गाडी न्यायला आली, तेव्हा आईने गाडीवाल्याला परत पाठवले आणि सरळ पंचांकडे आली. तिने जागा मागितली.

पंचांची अडचण खोटी नव्हती. मुलीच्या बाप्तिस्म्याचा काही पुरावा नव्हता आणि भिंतीच्या आत बाप्तिस्मा न झालेल्याला पुरायचे नाही, हा नियम होता. दुसरी भीती बोलून दाखवली वडिलांनी. उद्या तिचे नातेवाईक आले आणि मिशनने मेलेले पोर बाटवले म्हणाले, तर गावात राहणे कठीण होईल. कोणीतरी भिंतीच्या बाहेरची जागा सुचवली. तिथे कोल्हे उकरतात, असे आई म्हणाली.

मास्तर पायरीवरून म्हणाले, "माह्या जागेवर ठेवा तिले."

पाळकसाहेब म्हणाले, "मास्तर, जागेचा प्रश्न नाही. ती मुलगी ख्रिस्ती नव्हती."

"माही बहीन तरी कुठी ख्रिस्ती होती, साहेब?"

ते आवाज न चढवता बोलले.  एकाने उगाच पंचा झटकला. वडील आपल्या बोटांकडे पाहू लागले. त्या व्हरांड्यातला प्रत्येक जण दुष्काळातून आलेला होता किंवा तसल्याचा मुलगा होता. प्रत्येकाचे आई, बाप, भाऊ, कोणी ना कोणी बाप्तिस्म्याशिवाय रस्त्यावर राहिले होते. आणि प्रत्येक जण त्यांना पुन्हा भेटण्याची गाणी वर्षानुवर्षे म्हणत आला होता. नियम आणि गाणे ही दोन्ही त्यांनी सांभाळली होती. ती एकमेकांशेजारी ठेवून कोणी पाहिली नव्हती. कोणाला कोणाच्या तोंडाकडे पाहवेना. मलाही नाही.

पाळकसाहेब उठले आणि पेटी कोण करील, एवढेच त्यांनी विचारले.

उंचवटा खणला तेव्हा बरीच माणसे चुन्याच्या बादल्या खाली ठेवून जमली. काळी माती निघाली. तिच्याखाली मुरूम लागला. बांगडी नव्हती, हाड नव्हते. ज्यांनी वर्षानुवर्षे तर्क केले होते ती माणसे एकेक करून आपल्या कबरींकडे परतली आणि पुन्हा चुना लावू लागली. मुलीला डोके पश्चिमेला करून ठेवले. पाळकसाहेबांनी पूर्ण विधी केला, काही गाळले नाही.

परतताना मास्तर शेवटी होते. फाटकापाशी पाळकसाहेब त्यांच्यासाठी थांबले. मी पुढेच होतो, म्हणून ऐकू आले. पाळकसाहेब त्यांना म्हणाले, की मास्तर, आज तुम्ही मोठे काम केले. बहीण तुम्हाला भेटेल तेव्हा आनंदाने भेटेल. तिला पाहण्याची ओढ तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त असणार.

"पाह्याचं हाय मले तिले," मास्तर म्हणाले. "पन तिनं मले नाई पाह्यलं तं बरं." आणि थोड्या वेळाने, "लाज वाटते, साहेब."

पाळकसाहेब चांगले वक्ते होते. दुसऱ्या दिवशीचे त्यांचे ईस्टरचे प्रवचन नेहमीपेक्षा बरेच आखूड झाले.

त्या मुलीच्या कबरीला मास्तर पुढे दर शनिवारी पाणी घालत. तिथून निघताना ते 'जातो' म्हणत नसत. काहीच म्हणत नसत.

मुलीचे नातेवाईक कधी आले नाहीत.

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर मास्तर आजारी पडले. पाय सुजले, श्वास लागू लागला. दवाखान्यात त्यांना दाराजवळची खाट दिली होती. त्यांनीच मागितली होती. आईचे पत्र आले म्हणून मी अकोल्याहून गेलो. पंचांनी आपण होऊन त्यांच्यासाठी मुलीच्या शेजारची जागा ठेवली होती आणि वडील ते सांगायला आले होते. मास्तरांनी ती नाकारली. त्यांना पश्चिमेच्या भिंतीला लागून जागा पाहिजे होती. तिथे वाळलेले हार आणि चुन्याचे रिकामे डबे टाकत. आमच्या कोणाला ती जागा म्हणून सुचलीही नसती. वडिलांनी कारण विचारले. मास्तर थांबत थांबत म्हणाले, "समदे उगवतीकडे तोंड करून उठतीन. मी भिंतीपाशी, समद्याच्या मांगं. मले समदे दिसतीन. मी कोनाले दिसनार नाई." मग म्हणाले, "अन् कोनी मांगं राह्यलं, तं तेबी पाहता येईन."

त्यांना तीच जागा मिळाली. हार आणि डबे तिथून हलवले गेले. प्रेतयात्रेत ते प्रथमच पुढे होते आणि त्यांच्यामागे सगळे कंपाउंड होते. रांगेच्या शेवटी कोणी चालायचे, हे कोणी ठरवले नव्हते. तिथे बरीच गर्दी झाली.

पण ते नंतरचे. त्या संध्याकाळी दवाखान्यात वडील गेल्यावर आई खाटेशी बसली होती. मी खिडकीजवळ उभा होतो. मास्तरांनी भिंतीकडे तोंड केले होते. आई त्यांच्या सुजलेल्या पायांवरून हात फिरवत होती. तिने विचारले, "केवढी होती हो तुमची बहीन?"

"चार-पाच वर्साची."

आईने त्यांच्या पायांवर पांघरूण ओढले. मग म्हणाली, "मास्तर, तुमी कितीबी मांगं राहा. तेवढं लेकरू सरळ चालत नसते. घडीघडी मांगं वळून पाहते."

 मास्तरांचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने त्यांनी भिंतीकडे पाहतच विचारले, "मंग?"

"मंग काय," आई म्हणाली. "भेटा लागन."